युरोचे रुपये, रुपयांचे तास

पुण्याहून निघताना माझ्या दोन बॅगांचं वजन मिळून ४६ किलो भरलं होतं. एका बॅगेला २३ किलोची मर्यादा, आणि आईने ती शेवटच्या पोह्याच्या पुडीपर्यंत गाठली होती. नोकरीसाठी श्टुटगार्टला आले आणि पहिले काही आठवडे आत्याकडेच उतरले. आत्या १९९३ पासून तिथे आहे. बॅगा उघडल्या त्या दिवसापासून आमचा एक वाद सुरू झाला. परदेशी राहायला जाणारं जवळजवळ प्रत्येक मराठी घर तो कधी ना कधी घालतं: वस्तू इथून न्यायच्या, की तिथे गेल्यावर घ्यायच्या?

ऑक्टोबरअखेरच्या एका शनिवारी आम्ही दोघी सकाळी खरेदीला बाहेर पडलो आणि संध्याकाळी परतलो. त्या दिवसभरातलं बोलणं इथे मांडते आहे. आमच्यात कोण जिंकलं हे सांगायचं म्हणून हे लिहीत नाही. बोलता बोलता वादाचा विषयच बदलला, आणि तो बदल मला मोलाचा वाटतो.

सुरुवात कार्ल्सप्लाट्झवर झाली. जुन्या राजवाड्यामागच्या या चौकात दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. कपबशा, पितळी दिवे, पुस्तकं, कोट. आत्याने एक राखाडी लोकरी कोट उचलला आणि उजेडासमोर धरला. कसर लागली असेल तर बारीक भोकांतून उजेड दिसतो. मग अस्तर उलटून काखेतली शिवण पाहिली, आतल्या पट्टीवर ‘शूरवोल’, म्हणजे कोरी, पहिल्यांदाच वापरलेली लोकर, असं लिहिलंय का ते वाचलं. किंमत २० युरो.

मी: आत्या, दुसऱ्याच्या अंगावरचा कोट? घरी कळलं तर आजी काय म्हणेल?

आत्या: तुझी आजी बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेली घ्यायची. त्या साड्या पुढे कुणीतरी नेसत होतंच ना? आपण नेहमी देणाऱ्यांच्या बाजूला होतो, एवढंच. घेणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायला मी इथे शिकले.

मी: देणं वेगळं, घेणं वेगळं. अंगावरच्या कपड्याला माणसाचा वास असतो.

आत्या: तो धुतला की जातो. लोकर मात्र तीस वर्षं टिकते. आणि इथल्यांनी दान म्हणून पेटीत टाकलेले लोकरी कपडे कुठे जातात माहीत आहे? त्यातले कितीतरी पानिपतला. तिथे ते रंगावारी वेगळे करतात, फाडून पिंजतात, त्याचं पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणतात. म्हणजे हा कोट मी घेतला नाही, तर कदाचित हाच आपल्याकडे पोचेल. त्यापेक्षा अख्खा असतानाच वापरलेला काय वाईट?

कोट आत्याने घेतला. मी घेतला नाही. मला नवं जॅकेट हवं होतं, कारण पुण्यातून आणलेलं पहिल्याच आठवड्यात भिजून आतपर्यंत ओलं झालं होतं. दिसायला ते चांगलं जाडजूड होतं. दुकानदाराने ‘युरोपची थंडी आरामात निघेल’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि मी साडेतीन हजार रुपये मोजले होते. तिथून आम्ही क्योनिगश्ट्रासवर गेलो. गाड्यांना बंदी असलेला हा लांबलचक रस्ता म्हणजे शहराचा लक्ष्मी रोडच. एका दुकानात मला हवं तसं जॅकेट दिसलं. चिठ्ठीवर आकडा होता १४९.

मी: पंधरा हजार रुपये! आत्या, चल इथून.

आत्या: थांब. तू युरोला शंभराने गुणलंस. मीही सुरुवातीला तेच करायची, मार्काचे रुपये. आणि हे फक्त आपणच करतो असं नाही हं. २००२ साली हातात युरोच्या नोटा आल्या, तेव्हा माझी शेजारीण कित्येक वर्षं प्रत्येक किंमत दुप्पट करून मार्कांत सांगायची आणि ‘केवढं महागलं’ म्हणायची. जुनं चलन मनातून जायला वेळ लागतो.

मी: पण पैसे खरेच आहेत ना? याच पंधरा हजारांत पुण्यात चार जॅकेटं येतील.

आत्या: चार येतील आणि चारही भिजतील. आधी हे वाच. इथे दोन वेगळे शब्द असतात. ‘वासरअबवाइजंड’ म्हणजे पाणी ओघळून जातं, शिंतोड्यांपुरतं. ‘वासरडिष्ट’ म्हणजे पाणी आत येतच नाही. हा १०,००० मिलिमीटरचा आकडा दिसतोय? कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचं हे माप. आता बाही उलटी कर. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलीय बघ. सुईने पाडलेल्या भोकातून पाणी शिरतं, म्हणून ती लागते. तुझ्या पुण्याच्या जॅकेटात कापूस भरपूर आहे, ही पट्टी नाही. इथल्या हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास असतो, पण खरी थंडी वाजते ती ओल्या वाऱ्याने. ती जाडीने अडत नाही, थरांनी अडते. इथे त्याला कांद्याची रीत म्हणतात. अंगाला पातळ लोकर, मधे ऊब धरणारं काहीतरी, वरून वाऱ्यापावसाला अडवणारं कवच.

मी: बरं, वस्तू चांगली आहे. तरी किंमत किंमतच.

आत्या: मग किंमत तासांत मोज. इथे कायद्याने ठरलेलं कमीत कमी वेतन यंदा, २०२५ साली, तासाला १२.८२ युरो आहे. भाग दे. सगळ्यात कमी पगारावर काम करणाऱ्या माणसाचे साधारण बारा तास. दीड दिवसाच्या कामात सात-आठ हिवाळे निघत असतील, तर ते महाग नाही. पुण्यात साडेतीन हजार कमवायला त्या दुकानातल्या पोऱ्याला किती दिवस लागत असतील?

मला उत्तर देता आलं नाही. जॅकेट घेतलं. बाह्या माझ्या बोटांवर येत होत्या आणि सोबत घेतलेली पँट तर चांगली चार बोटं लांब होती. इथली मापं इथल्या उंचीची. म्हणून कोपऱ्यावरच्या कपडे अल्टर करणाऱ्याच्या दुकानात शिरलो. अशी दुकानं इथे बहुतेक तुर्की लोक चालवतात. पँट आखूड करायचे १४ युरो झाले, मंगळवारी मिळेल म्हणाले. बाहेर आल्यावर मी फुटपाथवरच थांबले.

मी: आता मात्र ऐक माझं. एक शिवण उसवायची, कापायचं आणि दुमडून पुन्हा शिवायचं. याला चौदाशे रुपये? नारायण पेठेतले आमचे शिंपीकाका हे काम मी चहा पीत बसले असताना करून देतात. आणि आत्या, प्रश्न फक्त पैशांचा नाही. त्यांच्याकडे माझं माप दहावीपासून आहे. माझा डावा खांदा किंचित उतरता आहे हे त्यांनी मला सांगितलं, मला माहीतही नव्हतं. ते न विचारता तिथे अर्धा सेंटीमीटर सोडतात. इथल्या कुठल्या दुकानात ३६ किंवा ३८ नंबरच्या कपड्याला माझा खांदा माहीत असेल? मी पुण्यातून बॅग भरून आणते ती वस्तूंसाठी नाही. मला ओळखणाऱ्या माणसांकडून आणते म्हणून.

आत्या: हे तुझं खरं आहे. ते मी खोडणार नाही. माझंही ब्लाउज इथे कुणी नीट शिवून दिलं नाही कधी.

मी: मग?

आत्या: मग एवढंच की वस्तूंची वाटणी करायला शिक. हवा, पाणी आणि यंत्र यांच्याशी जिची गाठ पडणार, ती वस्तू जिथे राहतो तिथली घ्यावी. ज्या वस्तूला तुला ओळखणारा हात लागतो, ती खुशाल तिकडून आण. तू मात्र ४६ किलोंत सगळं एकत्र कोंबलंस.

आत्याचं हे म्हणणं घरात रोज समोर दिसत होतं. पुण्याहून मी पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आणला होता. आत्याच्या स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी आहे. कुकर ठेवला, बटण दाबलं, आकडा लुकलुकला आणि शेगडी बंद झाली. ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं, तेच या शेगडीवर तापतं. आत्याने फ्रिजवरचं चुंबक काढून कुकरच्या बुडाला लावलं; ते घसरून खाली पडलं. तिच्याकडचा स्टीलचा कुकर जर्मनीतच घेतलेला आहे. त्याला शिट्टी होत नाही. झाकणातून एक खिटी वर येते, तिच्यावरचे रंगीत पट्टे किती वर आले ते बघायचं आणि तिथून मिनिटं मोजायची. ‘वरणाला तीन शिट्ट्या’ हे माप माझ्या हातात इतकं बसलेलं होतं, की पहिले आठ दिवस मी शिट्टीची वाट बघत उभी राहायचे.

दुपारी बाजारभवनात गेलो. १९१४ साली बांधलेली ही इमारत अजून नांदती आहे. मसाल्यांच्या एका गाळ्यावर हळद, धणे, दगडफूलसदृश काहीतरी असं सगळं मांडलेलं होतं.

मी: बघ, हे सगळं इथे मिळतं असं तू म्हणशील. पण यातून गोडा मसाला होणार नाही.

आत्या: मी तसं म्हणणारच नाही. गोडा मसाला वहिनीच्या हातचाच हवा. पण तू सोबत तुपाची बरणी आणायचा हट्ट केला होतास, ते मात्र चुकलं असतं. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायची इथे बंदी आहे. तूप, पेढे, खवा, काही नाही. कढीपत्त्याची ओली पानंही नाहीत. ताजी पानं, भाज्या आणि बहुतेक फळं आणायची तर त्यांच्यावर रोग-कीड नाही असा दाखला लागतो. जनावरांचे आणि पिकांचे रोग देशात शिरू नयेत म्हणून हे नियम आहेत. आणि तूप आणायची गरजच काय? ‘बुटरश्माल्झ’ नावाने ते प्रत्येक किराणा दुकानात मिळतं. नाहीतर बिनमिठाचं लोणी घरी कढव. श्रीखंडाला चक्का टांगून ठेवायलाही नको. इथलं ‘क्वार्क’ घे, थोडं निथळलं की झालं. बेसनाला ते काबुली चण्याचं पीठ म्हणतात. फक्त कणीक बघून घे. पाकिटावर ४०५ लिहिलं असेल तर तो आपला मैदाच समज, पोळी वातड होते. आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त.

मी: हे सगळं तू शिकलीस, पण किती वर्षांत?

आत्या: पहिली दोन वर्षं मी काहीच शिकले नाही. भारतातून आणलेलं संपेपर्यंत इथल्या दुकानाच्या फळ्यांकडे नीट बघितलंच नव्हतं. बॅग रिकामी झाली तेव्हा बघायला लागले. माझं म्हणणं एवढंच आहे, पोरी. भरलेली बॅग माणसाला इथे पोचू देत नाही.

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. तरी मला ते अपुरं वाटत होतं, आणि का ते संध्याकाळी किराणा दुकानात समजलं.

आधी आम्ही रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकल्या. प्लास्टिकच्या एका बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, ती पावतीवर परत मिळते. आत्याने मला फळ्यांवरच्या किमती वाचायला शिकवल्या. पाकिटावर छापलेली एमआरपी नसते. एकच वस्तू दोन दुकानांत दोन भावांनी असू शकते. पण खाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिलेला असतो आणि खरी तुलना तिथे होते. पावती जपून ठेवायची, कारण वस्तू सदोष निघाली तर दोन वर्षं विक्रेत्याची जबाबदारी असते. ऑनलाइन घेतलं तर कारण न देता चौदा दिवसांत परत करता येतं. दुकानातून स्वतः बघून घेतलेली चांगली वस्तू मात्र नुसती आवडली नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधलेला नाही. बरेच घेतात, तो त्यांचा चांगुलपणा.

मी: आपल्याकडे चेहरा बघून बदलून देतात, इथे कागद बघून.

आत्या: हो. म्हणून इथे नवख्यालाही न्याय मिळतो. ज्याचा चेहरा कुणी ओळखत नाही, त्याला कागदाचाच आधार.

तेवढ्यात भाजीच्या पलीकडे, मधल्या रांगेत टोपल्या लागल्या. चटया, बॅटऱ्या, मोजे आणि टी-शर्टांची चळत. आत्याने एक पांढरा टी-शर्ट सवयीने गाडीत टाकला. ४.९९ युरो. मी तो उचलून आतली पट्टी वाचली. मेड इन बांगलादेश.

मी: आत्या, सकाळी तू मला तास मोजायला शिकवलंस. आता याचे मोज.

आत्या: म्हणजे?

मी: इथल्या हिशोबाने हा पंचवीस मिनिटांचाही नाही. यात कापूस पिकवणारा, सूत काढणारा, रंगारी, शिवणारी, जहाज, ट्रक, हे दुकान आणि १९ टक्के कर, सगळं आलं. मग शिवणारीच्या वाट्याला काय उरलं? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा कोसळला. आठ मजली इमारत. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी कामगारांना आत बोलावलं. ११३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात युरोपातल्या दुकानांसाठी शिवलेल्या कपड्यांच्या पट्ट्या सापडल्या. तू म्हणतेस, जिथे राहतो तिथलं घ्यावं. पण हा टी-शर्ट इथला नाहीच, आत्या. तो आपल्या बाजूचाच आहे. फक्त ज्या बाईने तो शिवला, तिचा तास पट्टीवर लिहिलेला नाही.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मागच्या माणसाने गाडी पुढे घ्या म्हणून खूण केली, तेव्हा आम्ही बाजूला झालो.

आत्या: मी त्या वर्षी टीव्हीवर ते बघितलं होतं. रडलेही. आणि नंतर याच टोपलीतून घेत राहिले. त्यानंतर थोडं बदललं, नाही असं नाही. २०१९ पासून इथल्या सरकारने कपड्यांसाठी ‘हिरवं बटण’ नावाची खूण काढली आहे. कामगारांना मिळणारी वागणूक आणि पर्यावरण तपासून ती देतात. २०२३ पासून मोठ्या कंपन्यांसाठी पुरवठादारांकडे काय चालतं याची जबाबदारी घ्यायचा कायदा आला. पण टोपलीतला शर्ट घेताना मी ती खूण शोधली नाही, हे खरं.

तिने टी-शर्ट परत चळतीत ठेवला, घडी नीट करून. मला वाटलं, वाद संपला. तो संपला नव्हता.

आत्या: आता मी एक विचारू? तुझ्या शिंपीकाकांना एका ब्लाउजला किती तास लागतात?

मी: अस्तराच्या? माहीत नाही.

आत्या: शिलाई किती देतेस?

मी: सहाशे. म्हणजे साडेसहाशे सांगतात, मी सहाशे करून घेते.

आत्या: दहावीपासून त्यांच्याकडे जातेस. त्यांना तुझा खांदा पाठ आहे. आणि तुला त्यांचा तास माहीत नाही.

मी: आत्या, तिथे सगळेच घासाघीस करतात. तो बोलण्याचा भाग असतो.

आत्या: असेलही. पण त्या तुर्की माणसाने चौदा युरो सांगितले, तेव्हा तू चिडलीस, घासाघीस नाही केलीस. कारण इथे कामगाराच्या तासाची कमीत कमी किंमत आधीच कायद्याने ठरवली आहे, आणि ती खाली ओढायची सोय नाही. बांगलादेशातल्या बाईचा तास मला दिसला नाही, कारण ती लांब आहे. शिंपीकाका तर तुझ्यासमोर बसून शिवतात. तुझ्या पिढीने हे प्रश्न मला विचारायला हवेत, विचारच. पण नारायण पेठेतही विचार.

यावर मी काही बोलू शकले नाही. घरी परतताना बसमध्ये आम्ही दोघीही गप्प होतो. ते गप्प बसणं रागाचं नव्हतं. दोघींच्याही हातात एकमेकींनी दिलेलं काहीतरी होतं आणि ते सांभाळून धरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशन-विमानतळावरची वगळता. रविवार हा कामातून सुटीचा दिवस, हे १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं कलम १९४९ च्या घटनेने जसंच्या तसं ठेवलं. नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची सोय बर्लिनने केली होती, तर २००९ साली ती घटना-न्यायालयाने चालू दिली नाही. आत्या आली तेव्हा तर शनिवारीही बहुतेक दुकानं दुपारी दोनला मिटायची. पहिल्या रविवारी मला हा बंद शहराचा सन्नाटा भयाण वाटला होता. त्या रविवारी वाटला नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या बाईचा तो दिवस तिचा स्वतःचा आहे, हे त्या शांततेतून मला पहिल्यांदा ऐकू आलं.

माझी एक वही आहे. पहिल्या आठवड्यापासून तिच्यात मी रोजचा खर्च लिहिते, एका रकान्यात युरो, शेजारी रुपये. सकाळी मी रुपयांचा रकाना पट्टीने उभा आखून बंद केला आणि त्यावर ‘तास’ असं लिहिलं. पँट आखूड करणं, एक तास. जॅकेट, बारा.

मग आईला फोन लावला. डिसेंबरात ती येणार आहे. काय आणू, असं तिने विचारलं. गोडा मसाला आण म्हटलं. बाकीचं राहू दे. आणि शिंपीकाकांकडे माझे तीन ब्लाउज शिवायला टाकले आहेत ते. शिलाई ते सांगतील ती दे, माझ्यासारखी कमी करून घेऊ नकोस. आणि त्यांना एक विचारशील का? एका ब्लाउजला त्यांना किती वेळ लागतो?

आईला प्रश्न विचित्र वाटला, तरी ती दुसऱ्या दिवशी जाऊन आली. म्हणाली, काका हातातलं काम बाजूला ठेवून विचार करत बसले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणाले. मग बोटांवर मोजून सांगितलं.

साडेचार तास. हूक आणि काजं घरी त्यांची बायको रात्री करते, तो वेळ वेगळा.

वहीत मी ते तसंच लिहिलं. दोन ओळींत, दोघांच्या नावाने.